वरून ओतलेलं पाणी

आबा घरी आले हे आम्हाला डोळ्यांआधी नाकानं कळायचं. निलंग्याला त्यांचं कृषी सेवा केंद्र होतं, म्हणजे बी-बियाणं, खतं आणि फवारणीचं औषध विकायचं दुकान. औषध म्हणजे कीटकनाशक. आमच्या भागात विषाला असं लाडानं बोलावतात. रॉकेल, कुजका लसूण आणि नव्या प्लॅस्टिकची पिशवी एकत्र केली तर जो वास येईल, साधारण तो वास आबांच्या शर्टाला असायचा. संध्याकाळी आधी वास आत यायचा, मग चपलांचा आवाज, मग आबा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. मला मात्र तो वास आला की भूक लागायची, कारण आबा आल्याशिवाय आमच्याकडे ताटं घेतली जात नसत. मी आता लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत पोरं नाक मुरडतात आणि मॅडमना भूक लागते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घरात आम्ही तिघंच. थोरली बहीण लग्न होऊन मुदखेडला गेली होती आणि तिच्या वाटणीची बडबडही माझ्याकडे सोपवून गेली होती. बाहेरच्या खोलीत तथागताचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा, आणि त्यांच्याखाली दुकानाचं लायसन्स, तेही फ्रेम करून. आबांच्या मते त्या फोटोंचा आणि लायसन्सचा सरळ संबंध होता. आमच्या खानदानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिलेला पहिला माणूस म्हणजे आबा. ज्यांच्या वाड्यासमोरून त्यांचे वडील चपला हातात घेऊन जात, त्या घरचे लोक आता दुकानात येऊन, "भाऊ, हरभऱ्यावर अळी पडली, काय मारावं?" असं विचारायचे, आणि आबा चष्मा कपाळावर चढवून डॉक्टरच्या थाटात सांगायचे. माझी माय स्वयंपाकघरात येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजत असायची. त्याचा खमंग धूर आणि आबांचा वास यांची दारात गाठ पडायची आणि कुणीही माघार घ्यायचं नाही. रेडिओवर बाजारभाव चालू, माय भाकरी थापून राहिलेली, आबा साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन राहिलेले. ते हात धुणं आमच्या घरचा नियमच होता. दुकानातून आलं की आधी साबण, मग बाकीचं जग.

अकरावीला मी लातूरला शिकायला गेले. दहावीला तालुक्यात नाव झालं होतं, आणि आमच्याकडे पोरगं हुशार निघालं की त्याला लातूरला नेऊन सोडतात, जसा ऊस गाडीत घालून कारखान्यावर नेतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते आणि दुपारची आबांचा डबा घेऊन दुकानात बसले होते. तेवढ्यात एक शेतकरी आला आणि काही न मागता पायरीवर टेकला. त्याची गाय मेली होती. फवारणीचं औषध कालवलेल्या बादलीत घरच्या कुणीतरी तिला पाणी पाजलं होतं. "बादली धुतली होती हो," तो आबांना पुन्हा पुन्हा सांगत होता. "चांगली घासून धुतली होती." आबा त्याच्याजवळ जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला, बादली वेगळीच ठेवावी लागते म्हणून समजावलं. तो माणूस गेला, आबांनी डबा खाल्ला, गोष्ट संपली. माझी मात्र तिथून सुरू झाली. धुतली होती, तरी. त्या 'तरी'नं माझ्या डोक्यात जागा धरली, आणि भाडंही न देता पुढची दोन वर्षं ती सोडली नाही.

लातूरला आधी ग्लास धुणं सुरू झालं. घरून आणलेला ग्लास, म्हणजे त्याला आबांचा हात लागलेला असणार, म्हणून धुवायचा. धुतला खरा, पण तळ राहिला का? पुन्हा. आता नळाच्या तोटीला आपला मघाचा हात लागला. म्हणजे तोटी, मग हात, मग ग्लास. धुतलं की छातीतला दगड हलायचा, घटकाभर बरं वाटायचं, आणि मग दगड पहिल्यापेक्षा जड होऊन परत यायचा. हे सगळं कुठं, तर लातूरला, जिथं नळाला पाणी येणं ही सणाची गोष्ट होती आणि गल्लीत टँकर शिरला की माणसं वरातीसारखी मागं धावायची! माझ्या घरमालकीण काकू फार मायाळू होत्या. त्यांच्याकडे सोवळंओवळं होतं, देवाच्या पाण्याची घागर वेगळी होती, पण माझ्या आजारपणात पेज त्यांनीच करून दिली होती. त्याही एके दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सुजाता, अगं मोरीत म्हैस बांधलीस की काय? टाकी गेली कुठं?" मी म्हणाले, केस धुतले. त्यांनी माझ्या कोरड्या वेणीकडे बघितलं आणि नळाची तोटी घट्ट बंद केली.

सुट्टीला घरी आले की दुसरी तऱ्हा. "आबा, हात धुतले न्हवं?" आबा म्हणायचे, "धुतले, माय." लेकीलाही माय म्हणायची आमच्याकडे रीत आहे. पाच मिनिटांनी मी पुन्हा विचारायची. साबणानं? साबणानं. नखांत? नखांतबी. सुरुवातीला ते हसायचे, मग वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. माय तर मी विचारायच्या आधीच सांगायला लागली होती. तिला वाटायचं, पोरीच्या जिवाला तेवढाच आराम. एका घरातली दोन शहाणी माणसं एका मुलीच्या डोक्यातल्या खुळासाठी दिवसभर हजेरी देत होती. आणि खूळ वाढतच होतं. आधी आबांचा ग्लास, मग सगळेच ग्लास, मग आबांनी उघडलेला डबा, मग त्यांनी हात लावलेली दाराची कडी.

बारावीच्या परीक्षेच्या आधी अभ्यासाला म्हणून घरी आले तोवर माझी मजल ओंजळीपर्यंत गेली होती. घरातल्या कुठल्याच भांड्याला तोंड लावायचा धीर होईना. म्हणून माय परसात उभी राहून तांब्यातून वरून पाण्याची धार सोडायची, मी ओंजळ धरून प्यायची, आणि तांब्या हाताला लागू नये म्हणून मान तिरकी करून त्याच्यावर नजर ठेवायची. मायला हे आवडत नव्हतं, पण पोरगी तहानलेली राहण्यापेक्षा बरं. आबा दुकानात असताना आम्ही हे उरकून घ्यायचो. त्या दिवशी आबा गोदामाची चावी विसरले म्हणून भर दुपारी परत आले.

परसाच्या दारात ते उभे होते. मला आधी वासच आला. मायच्या हातातली धार तुटली.

"काय चाललंय हे?"

"काही न्हाई," माय म्हणाली. "पाणी पिऊन राहिली ती."

"घरातले ग्लास फुटले का समदे?"

मायनं तांब्या खाली ठेवला. आबा मला म्हणाले, "सुजे, तू सांग."

मी वाकलेलीच होते, ओंजळ तशीच, बोटांतून पाणी गळत होतं. मी म्हणाले, "ग्लासाला तुमचा हात लागलेला असतो, आबा."

इथं वाचणाऱ्याला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मला माहीत होती आणि त्या क्षणी आठवली नाही. आबा शाळेत होते तेव्हा त्यांना माठाला हात लावायची परवानगी नव्हती. तहान लागली की दुसऱ्या पोराला हाक मारायची, तो मनात आलं तर यायचा, वरून पाणी ओतायचा, आणि आबा खाली वाकून ओंजळीनं प्यायचे. कधी तो पोरगा मजा म्हणून धार हलवायचा. आबा हे आम्हाला हसत सांगायचे, नक्कल करून, सदरा कसा भिजायचा ते दाखवून. आणि आता त्यांच्या घरात, त्यांच्या लायसन्सच्या भिंतीपलीकडे, त्यांची हुशार लेक ओंजळ धरून उभी होती आणि सांगत होती की ग्लासाला तुमचा हात लागलाय.

"कुणी शिकवलं तुला हे?" त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "त्या लातूरच्या काकूनं?"

"कुणी न्हाई."

"माझ्या हाताला काय लागलंय, बाई?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द तोंडातून काढला की तसंच घडेल, असंही माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ आबांनी त्यांच्या आयुष्याप्रमाणे लावला.

"सुजाता नाव ठेवलं मी तुझं," ते म्हणाले. "सुजातानं तथागताला हातानं खीर दिली होती. तू बापाचा इटाळ धरून राहिलीस." आणि चावी न घेताच निघून गेले.

त्या संध्याकाळपासून आबा दुकानातच जेवायला लागले. रात्री झोपायला यायचे तेही भिंतीच्या कडेकडेनं, माझ्या वह्यांना, माझ्या पांघरुणाला अंग लागू नये असे. स्वतःचा एक ग्लास आणि एक ताट त्यांनी उचलून बाहेरच्या खिडकीत पालथं घालून ठेवलं. माय रडून म्हणाली, "अहो, असं काय करून राहिलात?" तर म्हणाले, "पोरीला त्रास नगं." रागानं म्हणाले असते तर सोसलं असतं. ते काळजीनं म्हणाले. आणि ह्याहून वाईट म्हणजे माझ्या आजाराला ती व्यवस्था फार पसंत पडली. आबा लांब, त्यांचं भांडं वेगळं, म्हणजे माझं धुणं निम्म्यावर! पुस्तक समोर धरून मी रडायची आणि आतून कुणीतरी समाधानानं ढेकर द्यायचं. स्वतःच्याच डोक्याचा इतका राग मला नंतर कधी आला नाही, आणि माझ्या डोक्यानं त्यानंतरही बरेच मूर्खपणे केलेत.

नांदेडहून शांता मावशी आली ती मायच्या निरोपावरून. मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. डोळ्यांत डोळे घालून न बोलता ती आधी माणसाचे हात बघायची. माझे हात तिनं उलटेपालटे केले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, साबणानं कातडी पांढरी पडली होती. शेजारच्या बाईनं मायला एव्हाना अंगारा सुचवला होता, आणि आपल्या घरात अंगारा कसा आणावा या पेचात माय होती. मावशीनं तो पेच एका फुंकरीत उडवला आणि तशीच दुकानावर गेली. मी मागं उभी होते.

"दाजी, हा भेद न्हाई. आजार हाय."

"आजार?" आबा वजनकाट्याकडे बघत होते. "आजारानं बरोबर बापाचाच हात वळखला?"

"व्हय. असाच असतो तो. पोरीला घेऊन जाते मी."

"न्या. मी काय करू त्यात? माझ्याजवळ असण्यानंच बिघडतंय तिचं."

नांदेडला डॉक्टरांनी सकाळची एक गोळी सुरू केली आणि नसरीन मॅडमकडे पाठवलं. मॅडम मानसशास्त्रज्ञ होत्या, मावशीच्याच वयाच्या, जुन्या नांदेडातल्या घराण्यातल्या. मराठी बोलताना मध्येच दखनीत शिरायच्या. मी खुर्ची रुमालानं पुसून बसले. ते त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "लातूरला राहून हा आजार केलास? अगं बेटा, आधी इकडं यायचं ना. आमच्याकडं गोदावरी तरी हाय!" दोन वर्षांत माझ्या धुण्यावर कुणी हसलं नव्हतं. मी इतकी दचकले की हसलेच.

त्यांनी आधी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मनात विचार आला म्हणजे तसं होतं का? निलंग्याच्या स्टँडवर उभी राहून तू मनात आण, बस आली, बस आली. येते?" मी म्हणाले, न्हाई. "मग तुझा हा विचार तेवढा कलेक्टर लागून गेला काय?" वेडेवाकडे विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतात, त्यांनाही येतात, असं त्या म्हणाल्या. फरक एवढाच की बाकीचे लोक ते जाऊ देतात आणि मी प्रत्येकाला पाट मांडून बसवते. धुतलं की भीती उतरते, म्हणून डोक्याला वाटतं की धुण्यामुळेच वाचलो, आणि ते पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं ओरडतं. उपाय काय, तर भीती वाटेल ते करायचं, आणि मग धुवायचं नाही, विचारायचं नाही. भीतीला येऊ द्यायचं, बसू द्यायचं, आणि तिची ती कंटाळून जाईपर्यंत थांबायचं. सोप्या पायरीपासून वर जायचं. मला वाटलं, बाई हुशार दिसतात पण यांना जीव घेण्याची हौस आहे.

"पण मॅडम, ते खरोखर विष असतं," मी म्हणाले.

"असतंच. म्हणून तुझे आबा दुकानातून आल्यावर साबणानं हात धुतात. ते पहिलं धुणं शहाणपणाचं. दुसरं धुणं आजाराचं. आपल्याला दुसरं बंद करायचंय."

"आणि पहिल्यात काही राहिलं असलं तर?"

"असंल बी, नसंल बी," मॅडम आमच्यासारखं बोलून म्हणाल्या. "एवढंच उत्तर मिळंल तुला माझ्याकडून. जगात सगळ्यांना एवढंच मिळतं."

मग ते दिवस. मावशीच्या घरचा ग्लास एकदाच विसळून पिणं. निलंग्याहून आलेल्या पिशवीला हात लावून त्याच हातानं केळं खाणं. मायनं पाठवलेले धपाटे, ज्यांचा डबा आबांनी एसटीत ठेवलेला. प्रत्येक वेळी छाती फुटायची वेळ यायची, मॅडम शेजारी बसून विचारायच्या, "शंभरातले किती?" आणि मी घामेजून आकडा सांगायची. आश्चर्य हे की आकडा उतरायचा. फार आळसानं, आमच्या डेपोच्या बसगाडीसारखा, पण उतरायचा. काही दिवस मी फसवायचेही. मोरीत जाऊन गुपचूप हात धुऊन यायचे. मॅडमना ते कसं कळायचं कोण जाणे. "चल, पुन्हा," एवढंच म्हणायच्या. शेवटची पायरी उरली. आबांच्या हातून पाणी.

आबा यायला तयार होईनात. मॅडमनी दुकानात फोन लावला. मी शेजारी बसून पलीकडचा आवाज ऐकत होते.

"मॅडम, तुमच्या त्या पायऱ्यात सगळ्यात वरची पायरी माझा हात हाय म्हणं. ऐकून लई बरं वाटलं."

"काका, घरातले सगळे तिला 'धुतले, धुतले' म्हणून सांगता ना, त्यानं काय होतं सांगू?" आणि त्यांनी सांगितलं: दर वेळी दिलासा, दर वेळी थोडा आराम, आणि पुढच्या वेळी त्याहून जास्त मागणी.

पलीकडे आबांनी कुणा गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं. मग आबा म्हणाले, "म्हंजे तेच तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं, आन् कीड निबर झाली."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "हाव काका. अगदी तेच."

"मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो हे," आबा म्हणाले. "फवारणी बंद केली की आधी कीड वाढल्यावाणी दिसती. माणूस तिथंच घाबरतो."

"तिथंच थांबायचंय काका. तुम्ही या."

ते आले. दुकान उघडून, दोन गिऱ्हाइकं करून, कपडे न बदलता, मॅडमनी सांगितलं होतं तसेच. लातूर, अहमदपूर, लोहा करत दुपारी मावशीच्या दारात पोचले, आणि वास त्यांच्या आधी. मी माझी खुर्ची भिंतीपर्यंत मागं सरकवली. मावशीनं मोरी दाखवली, त्यांनी रोजच्यासारखे साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, एकदा. मग बाहेरच्या खोलीत येऊन दाराजवळच्या खुर्चीवर टोकाला बसले.

"आत या की काका, दारात काय बसले?" आधीच येऊन बसलेल्या मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, हितं बरं हाय." सवय लागली होती त्यांना.

मॅडम मला म्हणाल्या, "पाण्याआधी एक काम. तुझ्या डोक्यात काय येतं ते काकांना सांग. नाव घेऊन, शब्दांत."

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती. मी मॅडमकडे असं बघितलं की दगडाला दया आली असती. त्यांना आली नाही. मी फरशीकडे बघून म्हणाले, "तुमच्या हाताला औषध राहिलेलं असतं. तुम्ही मला पाणी देता. मी पिते आणि मरते. तुम्ही ग्लास धरून उभे असता. समदं निलंगा म्हणतं, बापानंच मारली. आणि मग तुम्ही..." पुढचं निघेना. मॅडम थांबल्या होत्या. "मग तुम्ही दुकानातलंच घेता, आबा."

स्वयंपाकघरात मावशी उगाच भांडी वाजवत होती, तीही थांबली.

"म्हंजे इटाळ न्हाई?" आबा म्हणाले.

"न्हाई."

"माझ्यासाठी भिऊन राहिली होतीस?"

मी मान हलवली. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "येडी हायस का काय गं?"

"तेच तर सांगून राहिले कवापासनं!" आतून मावशी ओरडली, आणि मॅडमसुद्धा हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "काका, आता पाणी द्या तिला. आणि आता कुणीही, काहीही झालं तरी, तिला दिलासा द्यायचा न्हाई."

आबा उठले, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तांब्या वर उचलला. त्याच क्षणी मी वाकून ओंजळ पुढं केली. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्रास नको म्हणून ते वरून ओतणार होते आणि मला तेच हवं होतं. बापलेक दोघंही त्या कामात इतके सराईत झालो होतो! तांब्याचं तोंड माझ्या ओंजळीवर कललं होतं. अजून एक थेंबही पडला नव्हता.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "काका, वरून न्हाई. ग्लासात."

आबांचा हात हवेत राहिला. त्यांनी माझ्या ओंजळीकडे बघितलं, आणि त्यांना काय दिसलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मावशीच्या फळीवरचा ग्लास घेतला, माठात बुडवला आणि माझ्यासमोर धरला. आणि ग्लास त्यांनी धरला होता ते जसे जन्मभर धरत आले तसा, म्हणजे अंगठा आत. चांगला पेरभर पाण्यात. मॅडमना तो दिसला, मला दिसला. आबांना पत्ता नव्हता.

मी ग्लास घेतला. डोक्यात एकच गलका होता: धुतली होती, तरी. मी प्यायले. पाणी गार होतं, माठाचं, मातीच्या वासाचं, आणि चौथ्या-पाचव्या घोटाला मी ग्लास खाली ठेवला तेव्हा जीभ कडू लागत होती. कडू कसं? पोटात कळ आली का? ओठ बधिर झाले का?

"शंभरातले किती?"

"शंभर."

"ठीक. बसू या."

आम्ही बसलो. इतकी लांब दुपार मी पुन्हा पाहिली नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळवण्यावरून बायकांची बोलाचाली चालली होती, आणि इथं मी माझं मरण पोटात घेऊन खुर्चीत बसले होते. मोरी चार पावलांवर. घशात बोट घातलं तर अजून वेळ होती. त्याहूनही सोपं म्हणजे फक्त विचारायचं, एकदाच. मी तोंड उघडलं. आबांना कळलं. दोन वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं होतं, ते त्यांच्या ओठांवर आलंच होतं. ओठ हललेले मी पाहिले. आणि त्यांनी स्वतःचा तोच हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. डोळे भरले, पण हात काढला नाही. मी प्रश्न गिळला. तो पाण्यापेक्षा जड होता.

मॅडम मध्येमध्ये आकडा विचारत होत्या. शंभर. नव्वद. पुन्हा शंभर. मग ऐंशी, मग जरा खाली. कळ होती ती भुकेची होती बहुतेक, नसेलही. त्या दुपारी मी बरी झाले असं कुणी समजू नये. गोळी बरेच दिवस चालली, बारावीची परीक्षा एक वर्ष मागं पडली, पायऱ्या पुन्हा घसरून पुन्हा चढाव्या लागल्या. आजही परीक्षानळ्या धुताना ते जुनं गिऱ्हाईक कधीतरी दारात येतं. मी त्याला पाट मांडत नाही, एवढंच.

त्या दुपारी पहिल्यांदा मोडले ते आबा. हात तोंडावरून काढून ते म्हणाले, "पोटात दुखून राहिलं का गं?"

"काका!" मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, मी आपलं इचारलं. ठीक हाय न्हवं ती?"

"असंल बी, नसंल बी, आबा," मी म्हणाले. "बसा गप्प."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन पदरानं तोंड झाकून हसत होती. आबा मात्र खरोखरच गप्प बसले, शाळेतल्या पोरासारखे, हात मांडीवर ठेवून. मॅडमनी पर्स आवरायला घेतली. आजचं काम झालं होतं. ऊन उतरलं होतं. आणि मला लक्षात आलं की माझा घसा कोरडा पडलाय. भीतीनं नाही, साध्या उन्हाळ्यानं. तहान लागली होती.

"आबा," मी म्हणाले, "अजून एक ग्लास द्या."

मॅडमचा हात पर्सवर थांबला. हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठले. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. ते ग्लास घेऊन आले तेव्हा त्यांचा अंगठा पुन्हा पाण्यात होता.